पाहिजेत : चार धाडसी माणसं

माणसं जमवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! ऑफिसच्या रक्तदान शिबिरात मी एकटीने एकोणीस जण आडवे केले होते. त्यातले दोघे तर नुसतं टपाल द्यायला आले होते! तेव्हा चार माणसं गोळा करायची म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी धरून चालले होते.

मी रोहिणी गांगुर्डे. वय त्रेचाळीस. एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळते आणि इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर राहते. हे साल २००५. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून घरात बोलणारे दोघंच, मी आणि फ्रिज. आणि खरं सांगायचं तर जास्त फ्रिजच बोलायचा.

मग माझी भाची पल्लवी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना तिचा जुना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारून गेली. टेलिफोनच्या वायरीतून चिरकत, खरखरत इंटरनेट यायचं. तिथे मला एक खेळ सापडला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. तो टाइप करतो, 'समोर दार आहे, आतून रडण्याचा आवाज येतोय, काय कराल?' आपण टाइप करायचं, 'दार उघडते.' मग तो फासा टाकतो. सहा पडले तर दार उघडतं. एक पडला तर दारच आपल्याला खातं! आमची गोष्ट भयाची होती. धुक्यातला किल्ला, मेणबत्त्या, आणि मरूनही न गेलेला एक सरदार. बाकीचे गडी सगळे परदेशातले, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळची सहाची वेळ. मी त्यात हाती कंदील घेतलेली संन्यासिनी होते. कुणालाही न घाबरणारी! हो, मीच! पालीला बघून स्टुलावर चढणारी मी!

चार महिने फार छान गेले. एके सकाळी आम्ही सहाजण तळघरात सरदाराच्या शवपेटीभोवती उभे होतो आणि नेमकं माझ्या नळाला पाणी आलं. मी घाईघाईत इंग्रजीत लिहिलं, 'पाणी आलं!' आणि बादल्या लावायला धावले. परत येऊन बघते तर काय! गोष्ट सांगणाऱ्याने माझं वाक्य खेळातलं धरलेलं. तळघरात पाणी शिरलं, फाशावर एक पडला आणि सगळे बुडून मेले! सरदारसुद्धा!

खेळ संपला. सगळे एकेक करून निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मी सवयीने सकाळी सहाला पडद्यासमोर बसायचे आणि लिहायचे, 'कुणी आहे का?' कुणी नसायचं. मग मी बादल्या भरायचे.

शेवटी ठरवलं, आपला खेळ आपणच मांडायचा. मराठीत, आणि माणसाच्या वेळेला, म्हणजे रविवारी दुपारी चार वाजता. जेवणाच्या सुट्ट्यांमध्ये बसून दोनशे पानी वही भरली. पेठच्या घाटात इंग्रजांच्या काळातला बंगला. त्यात एक कायमची बंद खोली. खोलीत एक बाई, मरून साठ वर्षं झालेली. ती कोण, ती का थांबली आहे, हे चार पाहुण्यांनी शोधायचं. तीन रविवारांत गोष्ट संपणार. फक्त चार माणसं हवीत!

सुरुवात ऑफिसपासून केली. आमच्या शिपाई लताबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, ह्यात जेवण असतं?"

"नाही."

"बरं, भूत तरी खरं असतं?"

"नाही हो."

"मग त्यापेक्षा माझी सासू काय वाईट?"

ऑफिसात दुसऱ्या कुणी एवढंही ऐकून घेतलं नाही. मग मी एका स्थानिक पेपरात छोटी जाहिरात द्यायला गेले. मी लिहून नेले होते एक्केचाळीस शब्द. खिडकीतली मुलगी म्हणाली, "पंधराच बसतात." मी तिथेच उभ्या उभ्या कापाकापी केली. 'काल्पनिक' गेलं. 'कॉम्प्युटर' गेलं. 'खेळ' गेलं. उरलं ते असं :

'पाहिजेत : चार धाडसी माणसं. पछाडलेल्या बंगल्यासाठी. दर रविवारी दुपारी चार. अनुभव नको. स्त्री-पुरुष चालतील.' खाली माझा फोन नंबर.

मी तीनदा वाचून पाहिलं. एक चूक सापडेल तर शपथ! वीस वर्षं आवक-जावक केली, पण कागदावर काय नाही ते वाचायची सवय कुठे असते आपल्याला?

शुक्रवारी सकाळी सात वाजता पहिला फोन आला. जागेचा दलाल होता. "बंगल्याचे कागद स्वच्छ आहेत ना मॅडम? भुताचं आम्ही बघून घेऊ!" त्याला कसाबसा कटवला तोवर दुसरा आला. सायखेड्याहून कुणी झुंबरबाबा बोलत होते. "बाई, बाधा जुनी हाय का ताजी?"

"साठ वर्षांची," मी खूश होऊन म्हणाले. माणूस किती पटकन गोष्टीत शिरला!

"लय जुनी हाय. मला समक्ष यावं लागंल."

तिसरा फोन दिनेश सरांचा. विज्ञानाचे शिक्षक आणि अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या मंडळाचे कार्यकर्ते. आवाजात नुसती धार! "मी तुमचा भंडाफोड करणार आहे!"

"अवश्य करा! तोच तर खेळ आहे!"

"म्हणजे लोकांच्या भीतीशी तुम्ही खेळताय हे कबूल करता?"

"हो ना! दर रविवारी! या तुम्ही!"

त्यांनी फोन आदळला, पण त्याआधी पत्ता लिहून घेतला. चौथा होता पेठकडचा बारकू. द्राक्षांच्या हंगामात निफाडला मजुरीला आला होता, हंगाम संपला होता.

"ताई, बंगल्याची राखण करायची ना? मी करतो. भूत हाय तं बरंच, मानसांचाच तरास व्हतो."

"अहो तसं नाही, ऑनलाइन यायचं."

"कोनच्या लाईनीला? पोलीस लाईनला काय?"

मी हात टेकले. म्हटलं, समोरासमोर समजावून सांगू, आणि घरचा पत्ता दिला. शेवटचा फोन एका बाईंचा. सुमनबाई, निवृत्त नर्स. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"दर रविवारी ना? नक्की दर रविवारी?"

"हो."

"मग येते मी." बंगला कुठे, भूत कुणाचं, काही नाही!

रविवारी चारच्या आधीच माझा हॉल भरला. झुंबरबाबांच्या पिशवीत लिंबं आणि नारळ. दिनेश सरांच्या हातात वही आणि कॅमेरा. बारकू खुर्चीवर बसायलाच तयार नाही, दाराशी जमिनीवर बसला. सुमनबाईंनी आल्या आल्या माझ्या खिडकीचा पडदा नीट केला. मी सगळ्यांना खेळ समजावून सांगितला. सांगत असतानाच एकेक चेहरा उतरत गेला.

"म्हंजी बंगला नाय?" बारकूने विचारलं.

"नाही."

"मंग नोकरी पन नाय."

"नाही रे बाबा."

तो उठला. चप्पल शोधायला लागला. सकाळच्या पहिल्या एस्टीने आला होता बिचारा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "निदान चहा तरी घेऊन जा," असं म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले. तिथे ओट्यापाशी उभी राहून दाराच्या आवाजाची वाट बघत राहिले. आता एकजण जाईल, आता दुसरा. चहा उतू गेला तरी दार काही वाजलं नाही. वाजला तो सुमनबाईंचा आवाज.

"रोहिणी, त्या खोलीतल्या बाईचं पुढे काय झालं गं?"

माझी वही त्यांच्या हातात होती! चौघांनी पहिलं पान वाचलं होतं. बारकूची एक चप्पल पायात, एक हातात.

कॉम्प्युटर तसाच झाकून ठेवला आणि खेळ टेबलावरच सुरू झाला. लुडोमधला फासा काढला. चौघंही आपापल्याच नावाने बंगल्यात शिरले. बारकूने आधी सगळ्या खिडक्यांच्या कड्या तपासल्या. दिनेश सरांनी रडण्याचा आवाज म्हणजे पाइपमधली हवा, असं जाहीर केलं आणि फाशावर एक पडून ते जिन्यावरून गडगडले. झुंबरबाबा एवढे हसले की लिंबं सांडली! शेवटी सगळे त्या बंद खोलीच्या दाराशी आले. भुताने काय बोलायचं याची सतरा उत्तरं मी लिहून ठेवली होती. तू कोण? कशी मेलीस? कुणी मारलं? सगळी तयारी!

सुमनबाई दाराला तोंड लावून म्हणाल्या, "जेवलीस का गं बाई?"

हे सतरांत नव्हतं. मी वही चाळली. मग भुताच्या आवाजात म्हणाले, "नाही. एकटीसाठी काय करायचं? दोन वर्षं झाली, चहा-पोळीवरच भागवते."

"साठ ना?" दिनेश सरांनी वहीतून मान वर केली.

"साठच. साठ म्हणायचं होतं."

"आणि भूत चहा-पोळी खातं?"

मी उगाच फासा हातात फिरवत राहिले. सुमनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात झुंबरबाबा ताडकन उठले. "ही उपासाची बाधा हाय!" त्यांनी स्टीलचं ताट उचललं, चमच्याने बडवलं आणि अख्ख्या इंदिरानगरला ऐकू जाईल असे ओरडले, "सोड! सोड तिला!"

पाचव्या मिनिटाला सोसायटीचे सेक्रेटरी आहेरकाका दारात. मागे जिनाभर शेजारी. एकाच्या हातात बॅट! आहेरकाकांनी लिंबं पाहिली, नारळ पाहिला, ताट पाहिलं.

"गांगुर्डे मॅडम, घरात भूत उतरवताय?"

"अहो, इथे भूत वगैरे काही नाही!" दिनेश सर उसळले. "मी लेखी देतो! विज्ञानाचा शिक्षक आहे मी!"

"नाय कसं? हाये!" झुंबरबाबा पेटले. "उपाशी हाये बिचारी! आत्ता बोलली ना!"

"पुरावा द्या!"

"तुमी जिन्यावरनं पडले, त्यो काय मग?"

"ते एक पडला म्हणून पडलो!"

आहेरकाकांनी माझ्याकडे वळून करड्या आवाजात विचारलं, "मॅडम, एका शब्दात सांगा. आहे की नाही?"

"आहे काका. पण फक्त कागदावर."

"कागदावर?" काकांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे तिचं?"

हे निस्तरायला अर्धा तास लागला. वही दाखवली, फासा दाखवला. शेजारी हसत, कुजबुजत उतरले. त्रेचाळीस वर्षांची बाई अनोळखी माणसं घरी बोलावून भुताभुताने खेळते! काकांनी बजावलं, की पुन्हा असला आरडाओरडा ऐकू आला तर ह्या मंडळींना फाटकातून आत घेणार नाही. चौघं खाली मान घालून निघाले. पुढच्या रविवारचं कुणी बोललं नाही, आणि विचारायचा धीर मलाही झाला नाही.

सोमवारी ऑफिसात बातमी माझ्या आधी पोचली होती. ज्यांना खेळायला वेळ नव्हता ते सगळे माझ्या टेबलाशी! कुणाला बदली हवी, कुणाच्या मुलीचं लग्न ठरत नव्हतं. माझ्याभोवती एवढी गर्दी आयुष्यात झाली नव्हती. मी सांगितलं, "अहो, तो नुसता खेळ आहे, मला काही येत नाही." दोन मिनिटांत टेबल रिकामं झालं. लताबाई तेवढ्या थांबल्या. "सांगायचं कशाला मॅडम? चार दिवस बसली असती माणसं."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम जेवून झोपले. झोप कसली! साडेतीनला बेल वाजली. सुमनबाई, हातात भरलेला डबा.

"आधी जेव," त्या म्हणाल्या. "मग तिला विचारू."

पावणेचारला झुंबरबाबा, पिशवीत सायखेड्याची वांगी. चारला दिनेश सर, "मी फक्त निरीक्षणासाठी आलोय," असं म्हणत आणि स्वतःचा नवा फासा घेऊन! बारकू सगळ्यात शेवटी आला, अंगात वॉचमनचा खाकी शर्ट. भुताला न घाबरणारा माणूस म्हणून आहेरकाकांनी त्याला आमच्याच फाटकावर ठेवून घेतलं होतं! रविवारी चार ते सहा त्याची सुट्टी, आणि त्या वेळात फाटक सांभाळत होते स्वतः आहेरकाका.

तीन रविवारांची गोष्ट, पण आज चौदावा रविवार आहे. तुम्हाला म्हणून सांगते, शेवटाची पानं मी केव्हाच वहीतून फाडून टाकली आहेत. त्या बाईचं कोडं सुटलं, तर ही चौघं पुन्हा कशाला येतील? म्हणून मी दर वेळी नवा व्हरांडा काढते, नवा कोनाडा काढते. बंद खोलीची किल्ली तर कुठे ठेवलीच नाही. किती हुशारीने चाललंय सगळं, असं मला वाटत होतं.

आज चहा करताना हॉलमधून त्यांची कुजबुज ऐकू आली.

"किल्ली कवाची सापडली ना, सर? पाचव्या रविवारी?" बारकू विचारत होता.

"चौथ्या. मॅडम चुकून कोनाड्यात ठेवून बसल्या आणि विसरल्या," दिनेश सर म्हणाले. "माझ्या वहीत नोंद आहे."

"मग वही मिटा," सुमनबाईंचा आवाज आला. "कुणी दार उघडायचं नाही."

मी ट्रे घेऊन बाहेर आले. काही ऐकलंच नाही असा चेहरा केला, फासा उचलला आणि विचारलं, "हं, मंडळी! आता कुठे जायचं?"

झुंबरबाबांनी बराच विचार केल्यासारखं केलं.

"सैपाकघरात," ते म्हणाले. सलग नवव्यांदा!