पुढे वाढीस वाव

मास्तरीणबाई सलग चौथ्या रविवारी हरल्या आणि त्यांनी एक लहानसा निर्णय घेतला: नवा कॉम्प्युटर घ्यायचा. निर्णय एवढाच होता. तो त्यांनी नवऱ्यासमोर बोलून दाखवला, ही खरी चूक.

हरत होत्या त्या मोटारींच्या शर्यतीच्या गेममध्ये, आणि कोणाकडून, तर सख्ख्या धाकट्या भावाकडून. बाईंनी सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. अर्ध्या गावाला क्लच कसा सोडायचा ते त्यांनी शिकवलं. या भावालाही त्यांनीच शिकवलं होतं आणि तो परीक्षेत दोनदा नापास झाला होता, त्यातही एकदा तर गाडी सुरू होण्यापूर्वीच. आता हाच भाऊ दर रविवारी अकरा वाजता आपल्या घरी बसून, इंटरनेटवरून, त्यांना मागे टाकत होता. दोष बाईंचा नव्हता. त्यांचा जुना लॅपटॉप वळण आलं की थबकायचा, जरा विचार करायचा आणि मग गाडी थेट कठड्यापलीकडे दाखवायचा.

"ताई," भाऊ हेडफोनमधून म्हणाला, "शिकवणी लावतेस का माझ्याकडे? पहिले दोन तास फुकट."

बाईंनी हेडफोन काढून ठेवला. "पुढच्या रविवारच्या आत मला नवा कॉम्प्युटर पाहिजे. फार महाग नको, आणि पुढेमागे एकेक पार्ट बदलून वाढवता आला पाहिजे."

"मी बघतो," कोटेशनराव म्हणाले.

कोटेशनराव हे नाव ऑफिसने ठेवलेलं. चौतीस वर्षं ते खरेदी विभागात होते आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी टाचणीसुद्धा घेतली नव्हती. (लग्नाच्या वेळी स्थळं किती पाहिली होती, हे बाईंनी एकदाच विचारलं. उत्तर तीन असंच आलं.) निवृत्तीनंतर मात्र घरात त्यांना साधा फरशीपुसा निवडायची परवानगी नव्हती. कारण एक कपाट. ऑफिससाठी त्यांनी मागवलेलं ते कपाट इतकं ऐसपैस होतं की दारातून आत गेलंच नाही. अजून ते ऑफिसच्या व्हरांड्यात आहे आणि लोक त्यात छत्र्या ठेवतात. "पण त्यात पुढे वाढीस वाव होता," असं कोटेशनराव आजही सांगतात.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"अगं, वाढवता येणारी वस्तू घेण्यात माझा हात कोण धरणार?"

बाईंना कपाट आठवलं, पण नवऱ्याचा चेहराही दिसला. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या. "पण रविवार चुकला तर बघा."

दुसऱ्या दिवशी कोटेशनराव फूलस्केप कागद, पट्टी आणि दोन रंगांची पेनं घेऊन बाहेर पडले. तीन दुकानं झाली. प्रत्येक पार्टाचा तुलनातक्ता झाला. शेवटी जिन्याखालचं एक दुकान सगळ्यात स्वस्त ठरलं.

"गेम खेळणार कोण, काका? नातू?" दुकानदाराने विचारलं.

"बायको."

दुकानदाराने पेन्सिल खाली ठेवली.

"पहिलं कॅबिनेट दाखवा," कोटेशनराव म्हणाले. "सगळ्यात मोठं."

"सात पंख्यांचं आहे. पण तुमचं सामान त्यात घातलं तर आत आवाज घुमेल."

"घुमू द्या. उद्या सामान वाढेल. पॉवर सप्लाय?"

"हा तुम्हाला पुरून उरेल."

"पुरणारा नको. उरणाराच दाखवा."

दुकानदाराने एक विटेएवढं धूड काढलं. यावर असे चार कॉम्प्युटर चालतील, म्हणाला. कोटेशनरावांनी ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि समाधानाने खूण केली. मदरबोर्डही असाच घेतला, आठ जागा रिकाम्या असलेला. या रिकाम्या जागांवर त्यांचा भारी जीव. एवढं सगळं झाल्यावर ठरलेल्या रकमेतलं जे शिल्लक राहिलं, त्यात त्यांनी सगळ्यात स्वस्त प्रोसेसर बसवला.

"हा घेतलात तर काका, याला ग्राफिक्स कार्ड वेगळं..."

"ते दुसऱ्या टप्प्यात."

"पण काका..."

"टप्पे पाडलेत मी. हे बघा, लाल शाईत."

दुकानदाराने सकाळपासून एक्केचाळीस प्रश्नांची उत्तरं दिली होती. त्याने बेचाळिसावं गिळलं आणि बिल केलं.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. बाई पुस्तिका वाचून स्क्रू पिळत होत्या आणि कोटेशनराव यादीवर बरोबरच्या खुणा करत होते. (कॅबिनेटच्या काचेवरचं प्लॅस्टिक मात्र त्यांनी काढू दिलं नाही. नवं कोरं दिसतं तोवर दिसू दे, म्हणाले.) अकराच्या सुमाराला बटण दाबलं. सातही पंखे एकदम फिरले, सात रंगांचे दिवे लागले, वाऱ्याने तुलनातक्ता उडून फ्रीजमागे गेला. कोटेशनरावांचा ऊर भरून आला.

"अहो, पडद्यावर काही दिसत नाही."

"दिसेल. नवीन आहे, बुजलाय."

अर्धा तास गेला. पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढंच. बाईंनी केबल काढून लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग त्यांनी चप्पल घातली. रिक्षात कॅबिनेट दोघांच्या मधे बसलं. खरं म्हणजे कॅबिनेट बसलं आणि दोघं त्याच्या कडेला टेकले.

दुकानदाराने झाकण काढून पाहिलं. "काही बिघाड नाही. कॉम्प्युटर उत्तम चालू आहे. फक्त तो काय करतोय, ते दिसणार नाही."

"आमचं ऑफिस चौतीस वर्षं असंच चाललं," कोटेशनराव म्हणाले. "कोणाची तक्रार नव्हती."

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "का दिसणार नाही?"

"या प्रोसेसरला स्वतःहून पडद्यावर चित्र काढता येत नाही, मावशी. ग्राफिक्स कार्ड लागतंच."

"मग ते कुठे आहे?"

दुकानदाराने कोटेशनरावांकडे पाहिलं. कोटेशनरावांनी टप्प्यांच्या कागदाकडे पाहिलं.

"दुसऱ्या टप्प्यात," ते म्हणाले.

"दुसरा टप्पा कधी?"

"पुढच्या वर्षी. मंजुरी मिळाली तर."

"मंजुरी कोण देणार?"

"तू."

बाईंनी एक लांब श्वास घेतला. शिकाऊ माणसाने गाडी नाल्याच्या काठावर नेऊन उभी केली की त्या जे वाक्य सव्वीस वर्षं म्हणत आल्या होत्या, तेच म्हणाल्या, "सरका. गाडी मी घेते."

पुढच्या दहा मिनिटांत कॅबिनेट परत गेलं. (प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं म्हणूनच दुकानदार घेतो म्हणाला. यादीत ही एक गोष्ट बरोबर निघाली, हे कोटेशनरावांनी तिथल्या तिथे दोनदा सांगितलं.) धूड परत गेलं, त्याच्या जागी बेताचा पॉवर सप्लाय आला, आणि उरलेल्यात एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड. त्याला पंखे दोन होते, त्यातला एक फिरत नव्हता.

"वारा मिळाला की पळतं," दुकानदार म्हणाला. "नाही मिळाला की तापतं आणि वळणावर बसतं."

"लॅपटॉपही तेच करायचा," बाई म्हणाल्या. "पण वाऱ्याची सोय होईल."

रविवारी अकराला पाच मिनिटं असताना सगळा कॉम्प्युटर टेबलावर उघडाच मांडलेला होता, मदरबोर्डच्याच खोक्यावर. चालू करायचं बटण कॅबिनेटबरोबर गेलं होतं, म्हणून बाईंनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवलं. पडदा उजळला. रस्ता दिसला. रस्त्यावरचा खडासुद्धा दिसला.

"आलीस का ताई?" हेडफोनमधून भाऊ म्हणाला. "टोइंगची गाडी सांगून ठेवलीय."

पहिल्या वळणावर गाडी थबकली नाही. दुसऱ्यावरही नाही. तिसऱ्या फेरीत बाई भावाच्या मागच्या दिव्यांपाशी पोचल्या. तिथे भावाने सवयीप्रमाणे आरसा न बघता लेन बदलली, आणि बाई आतल्या बाजूने सुळकन निघून गेल्या.

"आरसा," त्या म्हणाल्या. "तेव्हाही बघत नव्हतास."

शर्यत त्यांनी चार गाड्यांच्या अंतराने जिंकली.

"परत एकदा," भाऊ म्हणाला. "आणि ताई, नवीन मशीन घेतलंस ना? पळतंय भलतंच. अजिबात तापत नाही वाटतं. कूलिंग कुठलं लावलंस?"

"तुझे भाऊजी."

कोटेशनराव टेबलाशेजारी स्टुलावर बसून, चार घड्या घातलेल्या तुलनातक्त्याने कार्डाला वारा घालत होते. कपाळावर घाम होता.

"भाऊजी?" भाऊ हसत सुटला. "मग पुढे सगळं बदलता येतं ना यात?"

"सगळं," बाई म्हणाल्या. "तेवढा एक पार्ट सोडून."

कोटेशनराव यावर काहीतरी बोलणार होते. पण बोलताना हात थांबतो आणि हात थांबला की बायकोची गाडी अडखळते, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. पडद्यावर दुसऱ्या शर्यतीचा दिवा हिरवा झाला. त्यांनी तक्ता उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. त्या हाताला अजून वाढीस वाव होता.