हाकेच्या पट्ट्यातलं छप्पर

चैती छपरावर बसून कुजलेलं गवत उपटून खाली फेकत होती. अर्धं घर उघडं झालं होतं. ढवळू खालून नव्या गवताच्या पेंढ्या वर द्यायला लागला, तेवढ्यात जव्हारच्या कचेरीतला शिपाई आला.

"उतर खाली. घर शाकारायचं नाय."

"कोनाचं घर?" चैतीनं वरूनच विचारलं.

"तुझंच."

"मंग नाय बोलनारा तू कोन?"

"मी कोन? सरकारचा हुकूम हाय. माळावर इमान उतरनार हाय."

शिपायाला विमान म्हणायचं होतं, पण त्याच्या जिभेवर 'वि'चा 'इ' होई.

"कचेरीत आजवर इमान नव्हतं, आता कठून आलं?" चैती म्हणाली. ढवळूनं खालून तिला डोळ्यांनी दटावलं. बायकोपुढे त्याचा तेवढा एकच इलाज होता, आणि तोही कधी लागू पडत नसे.

शिपाई खरंच बोलत होता. संस्थानात तेव्हा मोटार दिसली तरी माणसं रस्ता सोडून शेतात उतरत, आणि आता कोणी बडे पाहुणे म्हणे पाड्याला लागून असलेल्या, साखरशेतच्या बाजूच्या माळावर विमानानं उतरणार होते. विमान कसं ओरडतं ते कचेरीत कोणी ऐकलं नव्हतं. पण त्या आवाजानं भिंतींना तडे जातात, असं अव्वल कारकून नारोपंत टिपणीस यांनी कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं होतं. उद्या कोणाची भिंत पडली तर तो भरपाई मागायला कचेरीच्या पायरीवर येऊन बसेल. त्यापेक्षा भिंतच उभी राहू न दिलेली बरी. मोठं डोकं, दुसरं काय! नारोपंतांनी हुकूम लिहिला: माळापासून हाकेच्या अंतरावर जी घरं असतील, तो आवाजाचा पट्टा. पट्ट्यात नवं घर बांधायचं नाही, जुनं दुरुस्त करायचं नाही, छपराला हात लावायचा नाही. म्हणजे जागा तुमची, घर तुमचं, गळणंही तुमचंच. ते थांबवायचा हक्क तेवढा कचेरीचा.

आणि मिरगाचा पाऊस तोंडावर आला होता.

आता हाकेचं अंतर म्हणजे किती? नारोपंतांच्या आळीत हाक शेजारच्या ओटीपर्यंत जाते. या डोंगरात तसं नाही. इथं निरोप द्यायला कोणी दरी उतरत नाही. कड्यावर उभं राहून हाक मारायची, पलीकडचा 'कूऽऽ' करून उत्तर देतो. आणि चैतीनं हाक मारली तर ओहोळापलीकडची, दुसऱ्यांची गुरंसुद्धा चरायचं सोडून वळून बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारोपंत खुर्ची आणि छत्री घेऊन आले. माळाच्या मधोमध खुर्ची मांडली आणि छत्री उघडून बसले. छत्रीला माथ्याशीच हातभर फाट होती. "विमानाचा आवाज मोठा, तेव्हा हाकही मोठी पाहिजे," ते म्हणाले. "तुमच्यात मोठा गळा कोणाचा?"

सगळ्यांनी फक्त चैतीकडे पाहिलं.

मग पाड्याची माणसं एकेक करून तिच्या कानाशी लागली. "चैते, हलूच मार गो," ओहोळाकाठचा भिका म्हणाला, "माझा कूड बांधायचा ऱ्हायला हाय." गोदीच्या लेकीचं लग्न होतं. तिनं विचारलं, "मांडव म्हंजे पन छप्परच ना? माझ्या दारापरयंत नको येऊ देऊस."

"नि माझं घर?" चैती म्हणाली.

"तुझं तर माळाला चिकटूनच हाय. तुझं जायचं ते जानारच."

चैतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं हाक मारायची तिचंच घर जायचं, आणि वर सगळ्यांच्या छपरांची काळजीही तिनंच वाहायची. पण तिनं दात आवळले. भिकाची पोरं तिच्या अंगणात खेळून मोठी झाली होती.

चारी दिशांना माणसं लाल फडकी घेऊन उभी राहिली. हाक ऐकू आली की फडकं वर. ढवळूला घराच्या भिंतीशी उभं केलं होतं. ओहोळापलीकडच्या टेपाडावर नारोपंतांचं स्वतःचंच नवं घर उठत होतं. तिथं उभं राहायला माणूस उरला नाही, म्हणून वाशांवर बसलेल्या लाडक्या नावाच्या सुताराच्या हाती एक फडकं दिलं. हुकूम त्यालाही वाचून दाखवला. नारोपंत हसत म्हणाले, "तिथवर काय जातंय ऐकू!"

"हं, मार हाक."

चैतीनं हळूच हाक मारायला तोंड उघडलं, आणि तिची नजर शिपायावर गेली. तो तिच्या गवताच्या पेंढ्या ओढत माळाकडे आणत होता.

"ह्यो काय करतो?"

"अगं, छप्परच घालायचं नाही तर गवत कशाला तुला?" नारोपंत म्हणाले. "विमान आदळू नये म्हणून खाली अंथरू."

मग चैतीचं तोंड सुटलं. तिनं आधी विमानाला घेतलं, मग गवत ओढणाऱ्या शिपायाला, मग नारोपंतांना नाव घेऊन, आणि त्यांच्या मागच्यापुढच्या पिढ्यांना ओळीनं. सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. भिकाच्या दारचं फडकं वर झालं, गोदीच्या दारचं झालं. आणि ती शेवटी "तुझ्या घरावर पन गवताची काडी नाय ऱ्हानार" म्हणाली, तेव्हा टेपाडावरचं फडकं वर गेलं. पाठोपाठ लाडक्याचं 'कूऽऽ' आलं. लाडक्या हुकमाचा माणूस. त्यानं लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला, वाशांवरून उतरला आणि विडी पेटवून सावलीत बसला.

नारोपंत खुर्चीतून उठले. "ही हाक नव्हे. ह्या शिव्या झाल्या. हाक म्हणजे नाव घेऊन बोलावणं."

"नाव घेतलं ना तिनं, रावसाहेब," शिपाई म्हणाला. "तुमचंच."

"तू गप. बाई, पुन्हा मार. सभ्य हाक मार."

चैतीनं छाती भरून घेतली आणि हाक मारली. फुटक्या भात्यातून वारा निघावा तसा आवाज आला, आणि खुर्चीपाशी विरला. गळा साफ बसला होता. एक फडकं हललं नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ढवळूला तिचं ऐकू आलं नव्हतं.

"उद्या घेऊ, रावसाहेब," शिपाई म्हणाला. "उद्याला गळा सुटल तिचा."

नारोपंतांनी टेपाडाकडे पाहिलं. उघडे वासे, आणि खाली विडी ओढणारा लाडक्या. "उद्या नको," ते घाईनं म्हणाले. "मोजणी झाली. हाक इथवरच आली. पट्टा खुर्चीपर्यंत."

चैतीनं शिपायाच्या हातातल्या पेंढ्या हिसकून घेतल्या आणि डोक्यावर ठेवल्या. जाताजाता ती खुर्चीपाशी थांबली, छत्रीची फाट बोटानं चाचपली आणि घोगऱ्या घशातून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते ही?" नारोपंतांनी विचारलं.

ढवळूनं जवळ येऊन तिच्या तोंडाशी कान नेला. "ती बोलते, रावसाहेब, ही छत्री आता शिवू नका. पट्ट्यातलं छप्पर हाय."