मैत्रीभावना आणि बांगडे

तुळसाच्या वर्षश्राद्धाची वाडी, म्हणजे कावळ्याचं पान, परसात ठेवून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना. केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर, सगळं साग्रसंगीत होतं. कावळेही होते. माडाच्या झावळ्यांवर बसून ते पानाकडे बघत आणि मान फिरवत. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही ही रीत, त्यामुळे खाली माणसंही नुसती बघत उभी होती.

"तिचो जीव खंयतरी अडाकलो हा," हरिश्चंद्र मास्तरांची थोरली बहीण अक्का म्हणाली.

कावळे का शिवत नाहीत हे साऱ्या तारकर्लीत मास्तरांना एकट्यालाच ठाऊक होतं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

बायको गेल्यावर मास्तरांना घर खायला उठलं होतं. आदल्याच साली देशभर बुद्धजयंतीचा मोठा उत्सव झाला होता, त्या निमित्ताने मालवणच्या वाचनालयात बरीच पुस्तकं आली होती. मास्तरांनी ती एकामागून एक वाचून काढली. जे जुळलं ते सुटणारच, हे अनित्य. ते सुटू नये म्हणून जीव धडपडतो ती तृष्णा, आणि दुःख तिच्याच पोटी जन्मतं. मास्तरांना पटलं. शिकवणाऱ्या माणसाला छापलेलं लवकर पटतं. ते रोज पहाटे पडवीत डोळे मिटून श्वासाकडे लक्ष ठेवू लागले. तुळसा आठवली की तिला येऊ द्यायचं आणि जाऊ द्यायचं, एवढंच. वर्षभरात त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. प्राणिहत्या नको म्हणून मासेही सोडले.

आमच्याकडे माणूस मासे सोडतो तो आजारात, नाहीतर सरणावर. अक्काने धसकाच घेतला. ती रोज हट्टाने त्यांच्या पानात बांगडा वाढू लागली. मास्तर वाद घालत नसत. पुस्तकात मैत्रीभावना सांगितली होती: सगळ्या जिवांचं भलं चिंतावं, आणि सुरुवात जवळच्यांपासून करावी. जवळ अक्काच होती. पुष्कळ प्रयत्न करूनही तिच्याविषयी मैत्री दाटून येईना, तेव्हा मास्तरांनी कावळ्यांपासून सुरुवात केली. पानातला बांगडा ते लपवून ठेवत आणि सकाळी ध्यान आटोपलं की परसात टाकत.

श्राद्धाच्या दिवशी मासे नाहीत म्हणून अक्काने आदल्या दिवशी बांगडे जास्तच वाढले होते. ते सकाळीच कावळ्यांच्या पोटात गेले. आता त्यांनी भोपळ्याच्या भाजीकडे कशाला ढुंकून बघावं?

पण परसात बोलणी सुरू झाली होती. गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून मोठ्याने शब्द द्यायचा, म्हणजे कावळा शिवतो. तुळसाचा भाऊ महादू पुढे झाला.

"बाये, तुझी म्हस मी घेवन जावचंय नाय."

कावळ्यांनी चोची पुसल्या.

"तुळसा, तुझे समये मी माझ्या चेडवाक देवचंय नाय," अक्का म्हणाली.

म्हशीचा आणि भाचीला द्यायच्या समयांचा, हे दोन्ही बेत मास्तरांना त्या दिवशीच कळले. कावळे हलले नाहीत.

"भटजी, दर्भाचा कावळा करून लावा," मास्तर म्हणाले. भटजींना पुढे आणखी एक घर होतं, त्यांनी लगेच दर्भ काढला. अक्काने तो त्यांच्या हातातून घेतला.

"गवताचो कावळो नको." तिने तो मुठीत चुरगाळला. "दुखण्यात मी तिका एकदा रागान बोललंय. ताच ती धरून बसली हा."

मास्तरांना ते पाहवेना. इतके दिवस न आलेली माया नको त्या वेळी दाटून आली.

"अक्का, तुझा काय चुकाक नाय. कावळे जेवलेहत. सकाळी मीच तेंका बांगडे घातलंय."

भटजींनी सोवळं सावरलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

"बांगडे? तिच्या वरसाच्या दिवशी?"

"मैत्री म्हणान घातलंय."

"आणि रोज?"

"रोजय."

अक्का खालीच बसली. "माका खूळ लागला म्हणान मी तुका बांगडो वाढी होतंय? जाताना तिना माझो हात धरून सांगल्यान, तेंका बांगड्याशिवाय जेवण जाणा नाय, वाढीत रव. तिचो शेवटचो शब्द तो. तू कावळ्यांका घातलंस."

मास्तरांनी श्वासाकडे लक्ष देऊन पाहिलं. तो नीट येत नव्हता. ते पानासमोर जाऊन उभे राहिले.

"तुळसा," ते म्हणाले, आणि वर्षात पहिल्यांदाच त्यांनी ते नाव उच्चारलं. "उद्यापासून बांगडो मी खातंय."

माडावरून एक कावळा उतरला. त्याने वड्याला चोच लावली.

सगळ्यांनी हात जोडले. सकाळचे बांगडे एव्हाना जिरले असणार, हे मास्तरांना पक्कं कळत होतं. तरी त्यांनीही हात जोडले, आणि मग त्यांना उभं राहवेना. ते अक्काच्या शेजारी मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडले.

"रड," अक्का म्हणाली. "मगे जेवूक ये."