नेमाण्णांची आहारवही

नेमाण्णा समोर आलेल्या माणसाचं आधी पोट बघतात, मग तोंड. लग्नाचा मांडव असो, बँकेतली रांग असो की बस्तीची, म्हणजे जैन मंदिराची, पायरी, "एकशे दोन!" किंवा "सत्त्याण्णव!" असा आकडा आधी ऐकू येतो आणि नमस्कार मागाहून. आकडा सेंटिमीटरमधला, आपल्या कमरेचा. कुणी हरकत घेतलीच तर सदऱ्याच्या खिशातून शिंप्याची टेप निघते. आमच्या गल्लीतल्या एका डोहाळजेवणाला हे बोलावणं नसताना गेले आणि ओटी भरायला बसलेल्या पोरीला "एकशे सहा! मापात ऱ्हा गं," असं बजावून, वर एक लाडू खाऊन परत आले.

"मापात ऱ्हावं माणसानं" हे त्यांचं ब्रीद. स्वतःचं माप एकशे आठ. ते कुणी काढलं तर टेप जुनी झाली, ताणली गेली, असं सांगतात. ताणलेली टेप माप कमी दाखवेल, जास्त नव्हे, हे मी त्यांना दोनदा समजावलं. निपाणीच्या हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई आहे मी, न कळणाऱ्याला समजावण्याची मला सवय आहे. पण नेमाण्णांपुढं मीही हात टेकले.

चाळीस वर्षं या माणसानं तंबाखूची वखार चालवली. स्वतः कधी चिमूट तोंडात टाकली नाही, पण चिमूट नाकाशी नेऊन माल कुठल्या शिवारातला ते सांगायचे. चाळीस वर्षं सगळ्या पंचक्रोशीला तंबाखू खाऊ घातली आणि आता त्याच पंचक्रोशीच्या आरोग्याची काळजी वाहतात. याला मी काय म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमच्या दोन घरांत एकच भिंत. पलीकडं ते एकटेच असतात. मुलगा-सून हुबळीला. बायको, म्हणजे सुमतीआक्का, जाऊन येत्या दिवाळीला दोन वर्षं होतील. आक्का होत्या तोवर परसातल्या भिंतीवरून रोज भाजीची एक वाटी माझ्याकडं यायची, कारण माझ्या स्वयंपाकाबद्दल गल्लीत एकमत आहे.

यंदा माझ्या रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मेटाबॉलिक सिंड्रोम असं भारदस्त नाव घेतलं. पोटाचा घेर, साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी ही मंडळी एकाच घरी मुक्कामाला आली की त्याला हे म्हणायचं. आमच्या लहानपणी अशा माणसाला खात्यापित्या घरचा म्हणत आणि त्याला मुली सांगून येत. आता त्याला वर्गात बसवतात. सोळा आठवड्यांचा जीवनशैली बदलण्याचा वर्ग, दर गुरुवारी सकाळी, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, आणि लिफ्टला मुद्दाम कुलूप.

पहिल्या दिवशी धापा टाकत वर पोचले तर पहिल्या रांगेत नेमाण्णा. "बाई, अठ्ठ्याण्णव," असं त्यांनी माझं स्वागत केलं. ते त्या वर्गात चौथ्यांदा बसले होते. सोळा आठवड्यांत ज्याचं माप आणि साखर उतरते तो सुटतो, बाकीचे पुन्हा नाव घालतात. एकाच वर्गात चार वेळा बसलेला विद्यार्थी मी माझ्या नोकरीत बघितला नाही, आणि तोच पुन्हा मॉनिटर असल्याच्या थाटात इतरांना गप्प बसवतोय असा तर नाहीच नाही.

वर्ग घ्यायच्या त्या बेळगावच्या वैजयंतीताई. आहारतज्ज्ञ, पन्नाशीच्या, आवाज इतका मऊ की शिक्षिका म्हणून मला संशयच आला. अर्धं ताट भाजी, पाव ताट डाळ, पाव ताट भाकरी, असं त्या फळ्यावर काढून दाखवायच्या. ज्याचं वजन पाव किलो उतरलं त्याच्यासाठी टाळ्या. ज्याचं वाढलं त्याच्यासाठीही टाळ्या, का तर त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. मधल्या सुट्टीत नाचणीचा लाडू मिळायचा, तो दातांनी फुटायचा नाही. त्यामुळं वजन उतरत असावं.

नेमाण्णा उभे राहून इतरांच्या चहाड्या सांगायचे. "ताई, ह्या बाई संध्याकाळी भडंग खात्यात. कुरुमकुरुम आवाज येतोय भित्तीपलीकडनं. इचारा त्यास्नी." सगळा वर्ग माझ्याकडं वळला. मी कबूल केलं. टाळ्या पडल्या.

वर्गाचे नियम दोनच. दिवसभरात जे खाल्लं ते प्रत्येकानं वहीत लिहायचं, आणि संध्याकाळी ताईंचा फोन येईल तेव्हा खरं सांगायचं. नेमाण्णांची वही म्हणजे वर्गाचा आदर्श. ताई ती उघडून दाखवायच्या, नुसती लांबून, कारण वही ज्याची त्याची खासगी. पण डॉक्टरांना त्या वहीचं कोडं सुटत नव्हतं. "नेमाण्णा, ही चौथी खेप," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "जेवण इतकं उत्तम आणि साखर हलत नाही. याही वेळी उतरली नाही तर मला गोळी वाढवावी लागेल."

"वाढवा की," नेमाण्णा म्हणाले. जणू पानात भात वाढायचा होता.

एकदा ताईंनी इंटरमिटंट फास्टिंग शिकवलं. ठरावीक तासांतच खायचं, मग तोंडाला कुलूप. नेमाण्णा मोठ्यानं हसले. "ह्ये आमच्या आज्जीला बी येत हुतं. चौविहार म्हंत्यात त्येला. सूर्य गेला की तोंड बंद!" पुन्हा टाळ्या. सूर्य जाण्याआधीच्या तासाभरात काय चालतं, ते टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. चौविहार सुमतीआक्काही पाळायच्या, आणि त्यांना तो शोभायचा. नेमाण्णा मात्र पाचच्या ठोक्याला बेकरीची पिशवी उघडायचे. चहात बुडवून टोस्ट, टोस्टावर खारी, खारीवर फरसाण, उद्या सूर्य उगवणारच नाही अशा घाईनं. थंडीत दिवस लहान झाला की वेग वाढायचा. कुकरची शिटी त्या घरातून मी दोन वर्षांत ऐकलेली नाही.

मग ताईंचा फोन यायचा आणि नेमाण्णा दार लावून घ्यायचे. शब्द कळायचे नाहीत, पण बोलणं चांगलं दहा मिनिटं चालायचं. माझ्याशी ताई दोन मिनिटं बोलत. टोस्ट-फरसाणावर दहा मिनिटं बोलण्यासारखं काय असतं? हा माणूस खोटं बोलतोय, आणि तेही रंगवून, हे मी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. खोटारड्या माणसाच्या टेपनं आपली कंबर मोजली गेली याचा मला जास्त राग होता.

नवव्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळी वाढवली. चारच दिवसांनी चतुर्दशी आली. नेमाण्णांनी उपास धरला आणि गोळी मात्र घेतली. सकाळी अकराच्या सुमारास मी नळावर गेले तर हे कट्ट्यावर बसलेले, अंगाला दरदरून घाम, डोळे कुठंतरी लागलेले. "अण्णा, काय होतंय?" तर बोलता येईना. उपाशीपोटी गोळीनं साखर पार खाली गेली हे ओळखून मी घरात धावले आणि गुळाचा खडा आणून त्यांच्या तोंडात कोंबला. व्रत मोडलं. मोडू दे म्हटलं.

पाच-दहा मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला. पहिलं वाक्य काय असावं? "गूळ वहीत लिवाय लागंल, बाई."

"गूळ लिहाल हो! आणि रोजचे टोस्ट? ते कोण लिहिणार?"

त्यांनी जेवताना ताटावर धरतात तसा हात आडवा धरला. "साकु, बाई. पुरं आता."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही, इतकी मी संतापले होते. वहीत भाजी-भाकरी आहे म्हणून डॉक्टर गोळी वाढवत राहणार, आणि पोटात भाजी-भाकरी नाही म्हणून हा माणूस एक दिवस असाच कट्ट्यावरून खाली जाणार. पुढच्या वेळी मी नळावर असेनच असं थोडंच आहे? चहाडी तर चहाडी. गुरुवारी मी अर्धा तास आधीच हॉलवर पोचले.

ताई आदल्या दिवशी जमा झालेल्या वह्या तपासत बसल्या होत्या. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. तुम्ही नेमाण्णांच्या शेजारी राहता ना? त्यांच्या मिसेसना एकदा घेऊन या की वर्गाला. इतका छान स्वयंपाक करतात, आमच्या बायकांना दोन गोष्टी दाखवतील. मी अण्णांना किती वेळा म्हटलं, ते आणतच नाहीत."

मी खुर्चीत बसले. ताईंना वाटलं जिन्यानं दमले. पाणी आणायला त्या आत गेल्या आणि टेबलावर नेमाण्णांची वही उघडी राहिली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. मी वाचली.

'सोमवार. मेथी, एक भाकरी, ताक. हिनं मेथी कवळी बघून आणलीती.' 'मंगळवार. मुगाची उसळ. मिरची जास्त पडली, हिला बोललो, मग वाईट वाटलं.' 'शुक्रवार. चुक्याची भाजी, शेंगदाणे घालून. बाईंना वाटी दिली.' ती वाटी मी कितीतरी शुक्रवार खाल्ली होती. सगळं खरं होतं. दोन वर्षांपूर्वीचं, पण अक्षर न् अक्षर खरं. ताई पाणी घेऊन आल्या आणि मी ते पिऊन, काहीही न सांगता, माझ्या जागेवर जाऊन बसले. मला माझी लाज वाटत होती. नेमाण्णा आत आले आणि "बाई, शहाण्णव! उतरलासा की!" म्हणाले, तेव्हा तर जास्तच.

पाच वाजता मी त्यांच्या दारात उभी राहिले. समोर कागदावर फरसाण मांडलेलं होतं.

"अण्णा, आज वहीत काय?"

"गुरुवार न्हवं का. शेपू."

"कुणी केला?"

त्यांनी फरसाणाचा कागद बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "ताईला कळलं?"

"मी सांगितलं नाही. पण तुम्ही गोळीनं मरणार आहात, एवढं मला कळतं."

"पोरगा फोन करतोय, न्हाई म्हनत न्हाई. बीपी किती, साखर किती, इचारतो. ही ताई पयल्या दिवशी इचारली, आज घरात काय केलंय? ही गेल्यापास्नं कुणी इचारलं न्हवतं, बाई. तोंडातनं गेलं, हिनं शेपू केलाय म्हून. दुसऱ्या दिवशी कसं सांगू, ही न्हाई म्हून?" त्यांनी कागद उगाच सारखा केला. "आता टोस्ट लिवायचा तर रोज टोस्टच लिवायचा. मग हिचं नाव कुटं घालू?"

रडू यायला लागलं की मी ओरडते, ही माझी खोड आहे. "उठा!" मी ओरडले. "वहीत शेपू लिहायचा तर घरात शेपू पाहिजे! जावा, जुडी आणा!"

नेमाण्णांनी जन्मात चहापलीकडं शेगडीवर काही चढवलं नव्हतं, आणि मला स्वयंपाकाचं काय विचारता. पण दर संध्याकाळी दारापाशी पाट टाकून त्यांनी आक्कांचा स्वयंपाक बघितला होता. मूगडाळ आधी भिजवायची हे त्यांना ठाऊक होतं. फोडणी कधी बसली ते ते नाकानं सांगत होते. जुडी निवडताना निम्मी देठं आत गेली. मीठ त्यांनी घातलं, मग घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं. मी बघत होते, बोलले नाही. ऊन समोरच्या कौलांवर गेलं होतं आणि ते सारखे खिडकीतून तिकडं बघत घाई करत होते.

तेवढ्यात फोन वाजला. हात भरलेले, म्हणून मीच तो स्पीकरवर टाकला.

"नमस्कार अण्णा! आज काय केलंय वहिनींनी?"

नेमाण्णा उलथनं धरून उभे राहिले. "आज म्या केलोय, ताई. शेपू."

"अरे वा! वहिनी कुठं गेल्यात?"

कढईत भाजी तडतडत होती. मी गॅस बारीक केला.

"गेली," ते म्हणाले. "दोन वर्सं हुतील दिवाळीला. वहीतलं जेवान समदं तिचं हाय. म्या टोस्टावर हाय, ताई. खोटं बोललो तुमच्यासंगं."

मला वाटलं, आता सांत्वन सुरू होणार, आणि सांत्वन मला सोसत नाही. पण ताई म्हणाल्या, "उद्या सकाळची गोळी घेऊ नका अण्णा, आधी इकडं या. मी डॉक्टरांशी बोलते." आणि मग, "शेपूत मीठ किती घातलंत?"

"दोनदा पडलंय."

"मग वहीत तसंच लिहा. आणि उद्या काय करणार?"

नेमाण्णांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. शेपूचं एक पान कपाळाला चिकटलं.

"उद्या शुक्रवार," ते म्हणाले. "शुक्रवारी ही चुका करीत हुती. बगतो, मला जमतोय काय."