मदरबोर्डची हद्द

मदरबोर्ड कॉम्प्युटरच्या केसमध्ये जात नव्हता. मोजणीसाहेबांनी तो उभा घालून पाहिला, आडवा घालून पाहिला, एक कोपरा आधी आत सरकवून तिरकाही करून पाहिला. काहीही करा, शेवटची चार बोटं बाहेरच राहत होती.

"मापात चोख बसतंय," साहेब घाम पुसत म्हणाले.

"मापात बसतंय हो, पण डब्यात कुठं बसतंय?" त्यांची बायको दारातून म्हणाली.

साहेबांची सगळी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली होती. दोन भाऊ बांधावर हमरीतुमरीवर आले की साहेब मधे टेप धरायचे, आणि ते म्हणतील ती हद्द. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत घरातल्या कुणी त्यांना साधी खिडकी मोजायला सांगितली नव्हती. पडदेसुद्धा बायकोने स्वतःच्या टेपने मापं घेऊन परस्पर शिवून आणले आणि वर ते नीट बसले, याचं साहेबांना फार वाईट वाटलं होतं.

आणि आज सकाळी चमत्कार झाला. त्यांची सून बांधायच्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर काढून द्यायची, भिंती उभ्या राहायच्या आधी लोकांना घर दिसावं म्हणून. कालच तिचा नवा मदरबोर्ड आला होता. वर्कस्टेशनचा, म्हणजे अवजड कामाच्या कॉम्प्युटरचा, दोन प्रोसेसर आणि त्यांचे पंखे बसवूनच आलेला, चांगला जेवायच्या ताटाएवढा. आज बाहेर पडता पडता ती म्हणाली, "बाबा, दुकानातून एक साधी, लहानशी केस आणाल का? बोर्ड बसवायचाय. मापाचं तुम्हाला मी काय सांगायचं!"

या शेवटच्या वाक्याने साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. नुसती केस आणून ते थोडेच थांबणार? सहाला सून घरी यायच्या आत बोर्ड बसवून तयार ठेवायचा, आणि आपण अजून कामाचे आहोत हे या घराला एकदाचं दाखवून द्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. बोर्ड भरला तेहतीस बाय साडेतीस सेंटिमीटर. दुकानात त्यांनी एकेका केसला टेप लावला आणि सगळ्यांत स्वस्तातली निवडली. अडतीस बाय पस्तीस. दुकानदाराने "बोर्ड कुठला आहे काका?" असं विचारलंही होतं. "माप आहे माझ्याकडे," असं म्हणून साहेबांनी त्याला गप्प केलं होतं.

"मी काय म्हणते," बायको आत येत म्हणाली, "तुम्ही हा डबा आतून मोजला होता की बाहेरून?"

साहेबांनी टेपकडे पाहिलं. मग केसकडे पाहिलं. मग बराच वेळ कशाकडेच पाहिलं नाही.

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. जमिनीला आत आणि बाहेर नसतं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत टेप ताणला की झालं. इथे मात्र पत्र्याच्या आत वरती वीज पुरवणारा पॉवर सप्लाय ठाण मांडून बसलेला, आणि पुढे हार्ड डिस्क ठेवायचा पिंजरा. साहेबांनी चष्मा वर सरकवला आणि निकाल दिला.

"हे अतिक्रमण आहे."

"कुणाचं?"

"या पिंजऱ्याचं. बोर्डाच्या जागेत घुसलाय. काढायला हवा."

पिंजरा रिव्हेट मारून बसवलेला होता. तो काही स्क्रू ड्रायव्हरला दाद देईना. म्हणून खालच्या मजल्यावरच्या ग्रिलवाल्याला हाक गेली. हा गृहस्थ खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा आणि पत्रा कापायचा ग्रायंडर हातात आल्यावर त्याला जगात अवघड असं काही वाटायचं नाही.

"साहेब, एवढंच ना? पाच मिनिटांचं काम!"

साहेबांनी बोर्ड पुन्हा त्याच्यासोबत आलेल्या पिशवीत घालून आतल्या खोलीत पलंगावर नेऊन ठेवला. ठिणग्या उडाल्या, बायकोने कानांवर हात ठेवले, आणि पिंजरा सुटून आला. पत्र्याचा कीस झाडून साहेबांनी बोर्ड परत आणला. लांबीत तो छान बसला. रुंदीत पॉवर सप्लायला अडला.

"हाही काढू?" ग्रिलवाल्याने उत्साहाने विचारलं.

"काढा. पण त्याची वायर पोचली पाहिजे."

पॉवर सप्लाय निघाला आणि केसच्या डोक्यावर जाऊन बसला. त्याच्या वायरींना आत यायला वाट नव्हती, म्हणून छताला भोक पडलं. भोक पडलं तेव्हा लक्षात आलं की बोर्डाला स्क्रूची नऊ भोकं आहेत आणि त्यांतली चारच केसच्या पितळी पायांवर येतायत. बोर्ड फिरवला तर सहा जुळली, पण मग माउस आणि की-बोर्ड लावायच्या जागा पुढच्या बाजूला आल्या.

"मग पुढून लावू की माउस," ग्रिलवाला म्हणाला. "उलट सोयीचं पडेल."

साहेबांना ते पटलं. का पटलं, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. पुढचा पत्रा कापला, आणि त्याच पत्र्यावर कॉम्प्युटर चालू करायचं बटण होतं, ते दोन वायरींना लोंबकळायला लागलं. मग प्रोसेसरवरचे पंखे मोजले, तर ते एवढे उंच की बाजूचं झाकण लागणार नाही. झाकणालाही दोन वाटोळी भोकं पडली.

पावणेसहा वाजले. साहेब दोन पावलं मागे सरले. केसला पुढचा पत्रा नव्हता, छत निम्मं होतं, आणि जे काही उरलं होतं ते धक्का लागला की डुलत होतं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "आता यात नेमकं कोण कोणाला धरून आहे? डबा बोर्डाला, की बोर्ड डब्याला?"

साहेबांनी डब्याला हळूच बोट लावलं, तर दोघंही डुलले.

"एक पट्टी वेल्ड केली तर..." ग्रिलवाल्याने तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं.

सून आत आली. तिने खोलीभर पसरलेला पत्रा पाहिला, ग्रायंडर पाहिला, आणि सरळ बोर्डापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. तिने तो चारही बाजूंनी, खालून-वरून तपासला.

"बोर्ड ठीक आहे," ती म्हणाली. साहेबांचा जीव भांड्यात पडला. "पण बाबा, हा यात कशाला घातलात? याची केस उद्या येणार आहे. कंबरेएवढी उंच."

"मग ही?"

"ही तुमची."

"माझी?"

सुनेने पिशवीतून एक खोका काढला आणि उघडला. आत तळहाताहून जरासा मोठा मदरबोर्ड होता. "हा बसवायचा होता यात. लोक मला जमिनीचे जुने नकाशे आणून देतात, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. गेल्या महिन्यात मी एकाचं घर शेजाऱ्याच्या जागेत काढून दिलं. म्हटलं, घरात एवढा जाणकार माणूस बसलाय, त्यांनाच मदतीला घ्यावं. तुम्हाला चकित करायचं होतं मला."

साहेब खुर्चीवर बसले. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते काम आपल्या पायांनी घरात आलं होतं, आणि त्यांनी त्याचंच छत कापून ठेवलं होतं. त्यांना एकदम रडू यायला लागलं आणि हसूही यायला लागलं.

"मग मला... मला घेणार नाहीस आता?"

"असं कसं? उद्यापासूनच बसायचं. नवी केस मी आणते." सुनेने वरच्या भोकातून हात घालून पुढून बाहेर काढला आणि थोडा वेळ स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिली. "फक्त एक विचारू का बाबा? ही अशी झाली तरी कशी?"

साहेब जमिनीवरचा पत्र्याचा कीस वेचायला लागले. ग्रिलवाला वायर गुंडाळण्यात गर्क. शेवटी बायकोच म्हणाली, "बाहेरून मोजली होती. मी विचारलं तेव्हा कळलं."

सुनेने मान वळवून सासूकडे पाहिलं. मग तिने पर्समधून वही काढली.

"बाबा, जमिनीच्या हद्दी तुम्ही बघा. त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. पण खोल्यांच्या आतली मापं घ्यायलाही मला कुणीतरी हवंय." ती सासूकडे वळली. "आई, तुम्ही याल? उद्या नऊला एक घर मोजायला निघायचंय."

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच बायकोकडे नीट निरखून पाहिलं. तिने पदराला हात पुसले.

"नऊला नाही जमायचं," ती म्हणाली. "दहाला येईन. आणि टेप मी माझा आणेन."