मुका नंबर

आमच्या चंदिगढच्या गणेशोत्सवात चपला सांभाळायचं काम पाध्येकाकांकडे असे. पुठ्ठ्याचं टोकन घेऊन आत जायचं, आरती झाली की ते देऊन चपला घ्यायच्या. यात विशेष काही नाही. विशेष हे, की परत आलेलं टोकन काका तिथल्या तिथे फाडून टाकत आणि पुढच्या माणसाला पुढचा नंबर लिहून देत. विसर्जनापर्यंत माझ्या कोल्हापुरीला चार आकडी नंबर मिळे आणि पुठ्ठ्यापायी मंडळाचे चिटणीस रडकुंडीला येत.

"दिलेला नंबर पुन्हा द्यायचा नाही," काका म्हणत. "इथे सेक्टर बारानंतर एकदम चौदा, तेरा नाहीच; गावाचं काही अडलं? आकड्यांना तोटा नाही, डॉक्टरबाई."

मी इस्पितळात प्रसूती विभागात होते आणि काका रेकॉर्ड विभागाचे प्रमुख. रुग्णांची माहिती कॉम्प्युटरवर घालायचं ठरलं, तेव्हा प्रत्येकाला जन्मभराचा एक नंबर देणं आलं. इस्पितळाचे मुख्य साहेब सरदारजी, त्यांची योजना तयार होती: आधी सेक्टर, मग घरनंबर, मग घरातला कितवा.

"पाध्येजी, नंबर देखते ही पता चले बंदा कहाँ का है. पक्का काम."

"नंबर गूंगा चाहिए, साहब," काका आपल्या सातारी हिंदीत म्हणाले. "बोलनेवाला नंबर कल झूठ बोलेगा. मेरी बदली हुई, क्वार्टर गया, तो मैं कौन?"

साहेबांनी मग नाव आणि जन्मतारीख पुढे केली. काकांनी शांतपणे त्यांचीच जन्मतारीख विचारली. साहेब फाळणीत आलेले. त्यांची तारीख शाळेच्या हेडमास्तरांनी ठरवली होती आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना तीच दिली होती. साहेब मोठ्याने हसले, पण सेक्टर काही सोडेनात.

तेव्हा काका त्यांना चक्क माझ्या वॉर्डात घेऊन आले. एका मजूर बाईची नुकतीच सुटका झाली होती. नव्या सेक्टरातल्या घरांसाठी ती विटा वाहायची आणि तिथेच ताडपत्रीखाली राहायची.

"इसका मकान नंबर क्या लिखूँ, साहब?"

साहेबांनी वाकून तिच्या कुशीतल्या पोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपवाला ही चलाओ. एक से शुरू करो. और पहला नंबर इस बच्ची को दो."

मला काकांचा फार अभिमान वाटला. त्यांनी स्वतः चिकटपट्टीवर एकचा आकडा लिहिला आणि पोरीच्या मनगटाला बांधला. बांधून झालं तरी मनगट सोडेनात.

"काका, काय झालं?"

"आमची बारशाआधीच गेली," ते म्हणाले. "बदलीच्या गावी. नाव नव्हतं, खाटेचा नंबर तोच तिचा. दुसऱ्या दिवशी कपडे आणायला गेलो, तर त्या नंबरावर दुसरं बाळ. छान होतं हो, हसलं माझ्याकडे बघून. त्याचा काय दोष? पण आमची कुठे उरलीच नाही."

इतकी वर्षं आम्ही सगळे त्या टोकनांवर हसत होतो.

पुढच्या गणपतीत चिटणीसांनी पुठ्ठ्याचा विषय काढायच्या आत मी दोन गठ्ठे काकांच्या खुर्चीशी नेऊन ठेवले.