वामनकाकांची नळी आणि तरोटा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ. तेवढं सांभाळून घ्यावं. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द मात्र बरोबर आहे. तो वामनकाकांनी आमच्या भिंतीवर खडूनं लिहून दिला आहे.

वामनकाका आमचे बडनेऱ्याचे शेजारी. अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतल्या नळ्या धुण्यात त्यांची सारी नोकरी सरली. रिटायर झाले, तरी एक नळी आणि आयोडीनची बाटली सदऱ्याच्या खिशात असतेच. पाला दिसला की त्याचा रस नळीत, वर आयोडीनचा तपकिरी थेंब. रंग उडाला की पाल्यात अँटिऑक्सिडंट आहे असं धरून म्हणतात, "दम हाये!"

एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वांग्याच्या रश्श्यात थेंब टाकला. रस्सा काळानिळा झाला. "पीठ लावलं!" काका ओरडले. नवरीच्या बापाचं तोंडही त्याच रंगाचं झालं.

तरोटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी, त्यांचा लाडका. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला रानोमाळ उगवतो. "याच्यात लय अँटिऑक्सिडंट. पन शिजवू नका. शिजवलं का दम गेला."

यंदा शांताकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मोठा ताप आला. ताप उतरला, पण जेवण सुटलं. उठून बसायचंही बळ राहिलं नाही. काका रोज कच्च्या तरोट्याचा रस घेऊन उभे.

"पी वं, दम हाये."

"तुमीच प्या. मले माय करे तशी भाजी पायजे."

तिसऱ्या दिवशी काका आमच्या दारात. याआधी ते मला कधी काही विचारायला आले नव्हते.

"सुमन, जुन्या बाया तरोटा कसा करत?"

"तुरीची डाळ घालून गदगदा शिजवायचा. पान ओळखू नाई आलं पायजे."

"मंग त्यात राह्यलं काय वं?"

मी म्हटलं, "लसूण."

काकांनी स्वतः रांधलं. मी बाजूला उभी. पानं विरू लागली तसे ते दर मिनिटाला विचारत, "बस?" मी मान हलवायची, नाही.

काकूंनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग वाटी पुढं केली. "अजून हाये का?"

काकांनी वाटी भरली. मी त्यांच्या खिशाकडं पाहत विचारलं, "काका, थेंब नाई टाकत?"

"कायले? जेवून राह्यली ना ते."

आणि तिथंच जमिनीवर बसून तिच्यासाठी भाकरी बारीक कुस्करू लागले.